लाकडी तारवातून बेटोबेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

अध्यक्षीणबाई, मंडळाच्या भगिनींनो आणि मागे उभे असलेल्या बंधूंनो! बंधूंनी खुशाल बसून घ्यावे, कारण भाषण लवकर आटपेल असे मला वाटत नाही.

दर वर्धापनदिनाला आपण आहार, आरोग्य, मुलांचे संगोपन अशा विषयांवर कुणाला तरी बोलावतो. यंदा ही पाळी घरच्याच माणसावर आली, आणि विषयही घरचाच आहे. आपल्या एका सभासद भगिनीकडची जुनी लाकडी होडी काळबादेवीच्या खाडीत वाळूवर ओढून ठेवलेली आहे. मुलाने फायबरची नवी बोट घेतली तेव्हापासून तिला पाणी लागलेले नाही. आता ती दुरुस्त करून आलेल्या पाहुण्यांना फिरवावे असे त्याच्या मनात आहे, आणि त्यासाठी आपल्या बचत गटाकडे त्याने कर्ज मागितले आहे. कार्यकारिणीत दोन तट पडले. तेव्हा कुणीतरी म्हणाले, “बाई अशाच नावेतून परदेशी बेटांवर हिंडून आल्या आहेत, त्यांनाच बोलू द्या.” म्हणून मी उभी आहे.

तर तो प्रवास आधी सांगते. 2023 साली मुलीने आणि जावयाने मला इंडोनेशियात नेले. फ्लोरेस म्हणून एक लांबट बेट आहे. त्याच्या पश्चिम टोकाला लाबुआन बाजो नावाचे बंदर आहे. तिथून दोन डोलकाठ्यांच्या लाकडी तारवातून आम्ही तीन दिवस व दोन रात्री कोमोडोच्या बेटांमधून फिरलो. त्या तारवाला तिकडे पिनिसी म्हणतात. पूर्वी ही तारवे बेटाबेटांमधून माल वाहून नेत. ती बांधणारे कारागीर दक्षिण सुलावेसीत ताना बेरू, बिरा, आरा अशा गावी समुद्रकाठच्या वाळूवरच काम करतात. त्यांची रीत ऐकून मला नवल वाटले. कागदावर आराखडा नसतो. आधी फळीला फळी लाकडाच्या खुंट्यांनी जोडून बाहेरचे अंग उभे करावयाचे, आणि मग आत वाकांची लाकडे बसवावयाची. 2017 साली युनेस्कोने ही विद्या मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली.

दिवस कसा जातो म्हणाल, तर सकाळी एका बेटाशी नांगर टाकतात आणि लहान होडीने काठावर उतरवतात. पादार नावाच्या बेटाचा डोंगर चढून गेले की खाली तीन बाजूंना तीन वाळूचे काठ दिसतात. मला तर आपल्या घाटीवरून एका हाताला आरे आणि दुसऱ्या हाताला वारे दिसते त्याचीच आठवण झाली. मुलीला तसे म्हटले तर ती हसली. कोमोडोवर ती प्रसिद्ध घोरपड पाहिली. घोरपडच ती, पण तीन मीटरपर्यंत वाढणारी. वाट दाखवणारा माणूस हातात बेचक्याची काठी घेऊन पुढे चालत होता. तानाजीची घोरपड असली असती तर कडा चढण्यापूर्वीच मावळे पळाले असते! संध्याकाळी एका बेटावरून हजारो वटवाघळे उडून जाताना पाहिली. रात्री छतावर गादी टाकून पडले. भात, तळलेली मासळी, खोबऱ्याच्या रसातली भाजी आणि झणझणीत चटणी, असे जेवण खलाशीच रांधीत. तेव्हा तोंडाला परके काही लागले नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. तीन दिवसांत शीड एकदाच उभारले, तेही आम्हांला फोटो काढता यावेत म्हणून. एरवी सारा प्रवास इंजिनावर झाला. माल नेण्याचे काम आता या तारवांकडे फारसे उरलेले नाही. पाहुणे येतात म्हणून नवी तारवे बांधली जातात आणि सुताराची मुले सुतार राहतात. शीड शोभेचे झाले, पण हत्यार चालू राहिले. मला यात वाईट वाटावे असे काही दिसत नाही. आमच्या जावयाला दिसले, तो भाग वेगळा.

ही सहलीची रीत निघाली कशी हेही ऐकण्यासारखे आहे. तुर्कस्थानात जेवात शाकिर नावाच्या लेखकाला एका लेखाबद्दल 1925 साली बोद्रुम या किनाऱ्यावरच्या गावी हद्दपार केले. शिक्षा भोगून झाल्यावरही हा गृहस्थ त्याच गावी परत येऊन राहिला. आपल्या रत्नागिरीला शिक्षा होऊन आलेल्यांची ओळख आहेच. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत इथे होता, आणि सावरकर 1924 पासून 1937 पर्यंत इथे स्थानबद्ध होते. पण शाकिरने निराळेच केले. स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांच्या साध्या लाकडी नावा घेऊन तो मित्रांना खाड्याखाड्यांतून हिंडवू लागला. बरोबर पाणी, चीज, वाळवलेला पाव, तंबाखू आणि (बंधूंनी ऐकले नाही असे समजावे) थोडे मद्य. वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही. त्या मंडळींत आझरा एरहात नावाची विदुषी होती. होमरचे काव्य तुर्की भाषेत आणणाऱ्यांपैकी ती एक. तिने 1962 साली या प्रवासांवर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘निळा प्रवास’ अशा अर्थाचे आहे. आज त्या किनाऱ्यावर गुलेत नावाच्या लाकडी नौकांतून हजारो लोक हिंडतात, आणि त्या हिंडण्याला अजून तेच नाव आहे. एका बाईने लिहिलेल्या पुस्तकाचे नाव साऱ्या धंद्याला चिकटले. हे आपल्या मंडळात सांगावयास मला फार आवडते.

आपल्या जवळचे उदाहरण केरळातले. आलप्पुळ्याकडे भात वाहून नेणाऱ्या केट्टुवल्लम नावाच्या नावा होत्या. खिळा न मारता काथ्याने फळ्या शिवून केलेल्या. रस्ते झाले, ट्रक आले, नावा कुजू लागल्या. मग त्यांवर खोल्या बांधून त्यांची घरे झाली आणि त्या वाचल्या. पण त्यांची संख्या इतकी वाढली की तेल आणि सांडपाणी यांनी तिथले पाणी बिघडले. म्हणजे नाव वाचली आणि खाडी बाटली. आपल्याला असे चालावयाचे नाही, कारण त्या खाडीतच आपल्या बायका शिंपल्या काढतात.

आता घरी येऊ. आपल्यापैकी किती जणी समुद्रावर गेल्या आहेत? हात वर करा पाहू. (सात हात वर झाले.) सात! समुद्राच्या आवाजावर झोपणाऱ्या आणि उठणाऱ्या एवढ्या बायकांत सात. मासळीचा लिलाव आपण करतो, टोपली आपण वाहतो, उधारी आपण वसूल करतो, पण नावेत पाय ठेवावयाचा नाही, असा आपला जुना संकेत.

आमच्या पिढीला निदान मुंबईची आगबोट तरी होती. मी आठ वर्षांची असताना आईबरोबर मुंबईहून रत्नागिरीला आले. आगबोट दूर उभी राही, आणि पडाव येऊन तिला लागे. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी ओरडे, “घाला उडी!” आणि आई लुगड्याचा काचा मारून उडी घाली. तिने हातातली ट्रंक सोडली नाही की माझा दंड सोडला नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे आम्हांला शाळेत पाठ करावी लागली नाहीत. पुढे ती आगबोट बंद झाली. कोकणची माणसे एस.टी.त आणि मग रेल्वेत बसली, आणि समुद्राकडे आपली पाठ झाली.

आणि आपल्याकडे बेटे नाहीत असे थोडेच आहे! 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही भर पाण्यातले, आणि विजयदुर्ग पाण्याच्या काठचा. म्हणजे अलिबागच्या समोरून निघून मालवणपर्यंत एक गलबत चार-सहा दिवस चालले, तर कोमोडोहून कमी पाहावयास मिळेल असे मला वाटत नाही. सिंधुदुर्गात भोवती खारे पाणी असता दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. खांदेरीवर आघात केला की धातूसारखा नाद देणारा दगड आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची खडक खोदून केलेली गोदी आहे. आपण मात्र त्या गोदीपुढून मोटारीने आंबे घेऊन जातो. राजपुरीहून जंजिऱ्याला अजून शिडाच्या लाकडी होड्या माणसे नेतात. आपल्या सहलीत मी त्या होडीत बसले होते. इंजिन नसल्याने शिडात वारा भरल्यावर फक्त पाण्याचा आवाज येतो. पलीकडच्या बाकावरच्या वहिनी, ज्यांनी वाटेत एस.टी.त एवढी गाणी म्हटली, त्या तिथे गप्प बसल्या.

आता कर्ज देऊ नये म्हणणाऱ्यांची बाजू. तीही माझीच बाजू आहे. 17 जुलै 1947 या दिवशी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. हे जुने झाले म्हणाल, तर 2024 च्या डिसेंबरात गेटवेहून घारापुरीला चाललेल्या ‘नीलकमल’ नावेला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचा प्राण गेला. घारापुरी म्हणजे तासाभराची बेटाची सहलच ती. मी इतक्या कौतुकाने सांगितलेल्या कोमोडोजवळही 2025 च्या डिसेंबरात पाहुण्यांची एक नाव बुडून एका स्पॅनिश कुटुंबातली माणसे दगावली. आणि आपला स्वतःचा किनारा? दिसावयास देखणा, पण पाण्याला विलक्षण ओढ. 2025 च्या जुलैत इथेच चौघे बुडाले. बाहेरून येणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसते. ते सांगण्याची जबाबदारी आपलीच.

म्हणून मी त्या मुलाला बोलावून काही गोष्टी विचारल्या. आरे किंवा वारेच्या वाळूवरून माणसे चढवणार का? तो म्हणाला, “नाही बाई, इथे लाट फुटते, चढता-उतरताना होडी आडवी होईल. खाडीतून चढवीन.” या उत्तराने मला बरे वाटले. मासेमारीच्या होडीत पैसे घेऊन माणसे बसवता येत नाहीत. त्याला महाराष्ट्र सागरी मंडळाकडून वेगळी नोंदणी आणि तपासणी लागते, किती माणसे बसवावयाची तो आकडा ठरवून मिळतो आणि तांडेलालाही परवाना लागतो. हे त्याला ठाऊक होते, पण अर्ज केला नव्हता. पावसाळ्यात होडी ओढून ठेवणार का, याला तो “हो” म्हणाला. मालवणचेही पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या फेऱ्या बंद ठेवतात. गर्दीच्या दिवशी एखादा पाहुणा जास्त पैसे देऊन अकरावा माणूस चढू पाहील तेव्हा काय करशील, असे विचारले तेव्हा तो जरासा थांबला. त्याची आई आत चूल फुंकीत होती. तिथूनच ती म्हणाली, “तिकिटं मी फाडीन.”

भगिनींनो, मला जे सांगावयाचे होते ते या बाईनेच सांगून टाकले. लाकडी होडीला काम असले तरच ती टिकते, नाहीतर दोन पावसाळ्यांत वाळवी लागून सरपण होते. पाहुणे हे काम देऊ शकतील. पण किती माणसे चढली आणि अंगावर जीवरक्षक जाकीट आहे की नाही, हे पाहणारे माणूस काठावर असावे, आणि ते फिरण्याच्या पैशाला न भुलणारे असावे. आपण मासळी मोजतो तशी माणसे मोजावयाची. डब्याचे जेवण आपण दिले तर त्याचे पैसे वेगळे घ्यावे, ‘पोरासाठी करते’ म्हणून फुकट करू नये. आपल्या बायकांचे हे फार वाईट आहे.

माझे मत असे की कर्ज द्यावे, पण दोन हप्त्यांत. पहिला दुरुस्तीला. दुसरा सागरी मंडळाचा कागद कार्यकारिणीपुढे ठेवल्यावर, आणि जाकिटे त्या दुसऱ्या हप्त्यातून मंडळाने स्वतः विकत घ्यावी. पहिल्या वर्षी खाडीच्या आतच फिरावे. जयगड पुढे पाहू, आणि सुवर्णदुर्ग माझ्या नातीच्या वेळी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या सभेत जरूर बोलावे. कागदावर विरोध लिहून दिला तरी चालेल, तो वाचून दाखवला जाईल.

एक अडचण तेवढी सांगून बसते. लाकडी होडीच्या फटीत कापूस ठासून तेल देणारा सुतार आता आपल्याकडे एकच उरला आहे, आणि तो पंचाहत्तरीचा आहे. मी त्याला भेटले. तो म्हणतो, “काम करीन, पण दसऱ्याच्या आत सांगा, आणि हाताखाली दोन पोरे द्या. वाकायला आता मला जमत नाही.” तेव्हा ज्यांच्या घरी बारावी होऊन बसलेली मुले आहेत, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत. मुलींची दिलीत तरी तो नाही म्हणणार नाही, मी विचारून ठेवले आहे.