पंच मारायचा, आणि पंच व्हायचेही

(किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला इथे ‘मुली आणि स्वसंरक्षण’ या विषयावर बोलायला बोलावले होते. मी संयोजक ताईंना म्हटले, त्यावर बोलणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मी कराटेच्या स्पर्धांत पंच म्हणून खुर्चीवर बसते, तेव्हा स्पर्धेच्या नियमांविषयी आणि निकालांविषयी बोलते. त्या जरा गोंधळल्या. नियमांत स्त्रियांच्या प्रश्नाचे काय, असे त्यांना वाटले असावे. तुम्हालाही तसेच वाटत असेल, तर एक प्रसंग सांगते.

एका जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत मी मॅटच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. बारा वर्षांची एक मुलगी लढत होती. चपळ, निर्भय आणि गुणांतही पुढे. पण तिचे ठोसे समोरच्या मुलीच्या तोंडावर लागत होते. मुख्य पंचांनी ताकीद दिली. पुन्हा तेच, पुन्हा ताकीद. शेवटी समोरच्या मुलीच्या नाकातून रक्त आले आणि आमची ही मुलगी बाद झाली. तिची आई कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली होती. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मॅडम, माझी पोरगीच जोरात मारत होती, मग हरली कशी?”

त्या बाईचा प्रश्न अगदी रास्त होता. चौदा वर्षांखालच्या गटात चेहऱ्याला स्पर्श करायचा नाही, ठोसा आधीच थांबवायचा, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मुलीलाही कोणी सांगितले नव्हते. वर्गात फक्त ‘जोरात मार, घाबरू नको’ एवढेच शिकवलेले. मुलगी रडत गेली ती हेच समजून, की मी मारले म्हणून मला शिक्षा झाली. आपल्याकडे मुलींना हा धडा तसाही घरोघरी मिळतो. तो मॅटवरही मिळावा, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून आजचे हे बोलणे.

आधी नियम थोडक्यात समजून घेऊ. जागतिक कराटे महासंघाच्या पद्धतीने लढत, म्हणजे कुमिते, खेळतात तेव्हा एक लाल आणि एक निळी अशा दोघी मॅटवर येतात, वाकून एकमेकींना अभिवादन करतात. हाताचा ठोसा नीट बसला की १ गुण. धडावर लाथ बसली की २. डोक्याच्या पातळीवर लाथ, किंवा तोल जाऊन पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर अचूक वार, याला ३. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते.

पण ‘नीट बसला’ म्हणजे काय? पंचांना वर्षानुवर्षे सहा गोष्टी पाहायला शिकवल्या गेल्या आहेत. तंत्राची घडण, खिलाडू वृत्ती, जोम, सावधपणा, नेमकी वेळ आणि नेमके अंतर. यांतल्या सावधपणावर आपल्या मुली फार गुण घालवतात. वार केल्यानंतरही नजर समोर हवी, हात तयार हवेत. आमच्या मुली काय करतात? उत्तम ठोसा मारतात आणि लगेच ‘सॉरी’ म्हणून मान खाली घालतात! पाठ वळवतात, तोंडावर हात ठेवतात. कोपऱ्यात बसलेल्या पंचाला झेंडा वर करता येत नाही. मुलांमध्ये उलटा दोष दिसतो. वार झाला की हात उंचावून आरडाओरडा. गुण दोघांचेही जातात, पण कारणे वेगळी आहेत आणि ती मॅटच्या बाहेर घडलेली आहेत.

तसेच लागण्याचे. लागल्याचे सोंग करणे हा कराटेत दंडपात्र गुन्हा आहे. मुली याच्या विरुद्ध वागतात. खरोखर लागलेले असते आणि दातओठ खाऊन उभ्या राहतात. का, तर घरी कळले तर पुढच्या वेळी पाठवणार नाहीत. डॉक्टर मॅटशेजारी बसवलेला असतो तो यासाठीच. लागले तर लागले म्हणायचे, हे आपण मुलींना मुद्दाम शिकवले पाहिजे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे परत येते. जोरात मारणारी हरते कशी? हा नियम लहान मुलींपुरता आहे असे समजू नका. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२० ऐवजी २०२१ मध्ये झाले, कराटे पहिल्यांदाच खेळले गेले. पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला अशी लागली की तो मॅटवर बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून न्यावा लागला. मुष्टियुद्धात अशा वेळी मारणारा जिंकतो. इथे पंचांनी हमेदीला बाद ठरवले आणि सुवर्णपदक गंजजादेला मिळाले. जगभर वाद झाला. प्रेक्षकांना हे पटणे अवघडच आहे. पण नियम स्पष्ट आहे. ताकद असणे पुरेसे नाही, ती आवरता आली पाहिजे. न आवरलेली ताकद म्हणजे चूक.

मैत्रिणींनो, ज्या समाजात ‘हात उगारला, रागाच्या भरात झाले’ एवढे म्हटले की नवऱ्याला माफी मिळते, तिथे हा नियम मला मोलाचा वाटतो. मॅटवर ‘रागाच्या भरात झाले’ ही सबब चालत नाही. आणि ‘यामे’ हा शब्द. यामे म्हणजे थांबा. मुख्य पंचांनी यामे म्हटले की दोघांनीही थांबायचे. त्यानंतर केलेल्या वाराला गुण नाही, उलट दंड होऊ शकतो. थांब म्हटले की थांबायचे, हे वर्गात मुलींबरोबर मुलगेही शिकतात. ही लहान गोष्ट नाही.

मात्र नियम चांगला असला तरी तो कोण लावतो, यावर न्याय अवलंबून असतो. नियम आकाशातून पडत नाहीत. माणसे ते करतात, आणि बराच काळ ती माणसे पुरुषच होती. १९७० मध्ये टोकियोला पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा तिच्यात स्त्रियांची लढत नव्हती. १९८० मध्ये माद्रिदला स्त्रियांना काता, म्हणजे एकटीने करायचा हालचालींचा क्रम, मिळाला. १९८२ मध्ये तैपेईला कुमिते मिळाले. म्हणजे आधी दाखवायला परवानगी आणि मग लढायला! त्यानंतरही कितीतरी वर्षे प्रौढ पुरुषांची लढत तीन मिनिटांची आणि स्त्रियांची दोन मिनिटांची होती. स्त्री दमते, असे कोणीतरी ठरवले होते. शेतात दिवसभर वाकणाऱ्या आणि डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायकांना हे सांगून पाहा. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये दोघांनाही तीनच मिनिटे होती. त्याच स्पर्धेत स्पेनच्या सान्द्रा सांचेझने कातामध्ये सुवर्ण जिंकले, वयाच्या ३९ व्या वर्षी. कराटे पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नव्हते, पण तीन मिनिटे मिळाली ती मिळाली. नियम बदलतात. बदलावे लागतात.

आता आपल्या गावातल्या स्पर्धेत येऊ. जागतिक नियमांत वजन घेण्यासाठी स्त्री-पुरुषांची वेगळी खोली, मुलींचे वजन घ्यायला स्त्रियाच, आणि त्या खोलीत छायाचित्रण नाही, असे म्हटले आहे. आणि प्रत्यक्षात? एका ठिकाणी मी हॉलच्या मधोमध ठेवलेला वजनकाटा पाहिला. त्याच्यामागे दोन पुरुष, भोवती पालक, पोरांच्या हातांत मोबाईल. एक मोठी मुलगी रांगेतून निघाली ती परत आलीच नाही. कागदावर ‘गैरहजर’ एवढीच नोंद झाली. मुलींची संख्या रोडावली की आपण म्हणतो, वयात आल्यावर त्यांना खेळात रस राहत नाही. रस कसा जातो, हे मी त्या दिवशी पाहिले.

मुलींना छातीचे संरक्षक कवच सक्तीचे आहे. ते घातले आहे की नाही, हे चाचपून पाहण्याचे काम पुरुषाकडे असता कामा नये. जॅकेटच्या आत साधा पांढरा टी-शर्ट घालायला मुलींना परवानगी आहे. हे माहीत नसल्याने कितीजणी अवघडून लढतात. केसांत धातूची पिन चालत नाही, साधा रबर चालतो. बांगड्या, कानातले, गळ्यातले उतरवावे लागते. तरुण विवाहित खेळाडूची इथे पंचाईत होते. मंगळसूत्र काढू का, म्हणून सासूला फोन केलेली मुलगी मी पाहिली आहे. तिथे कुणी दटावण्यापेक्षा, हा नियम इजा टाळण्यासाठी आहे आणि सर्वांना सारखाच आहे, एवढे शांतपणे सांगणारी बाई जवळ असली तर पुष्कळ काम होते. आणि पोशाख पांढरा शुभ्र असतो. पाळीच्या दिवसांत मुलीच्या मनात दुसरे काही असत नाही. कडी लागणारी, पाणी असणारी खोली आणि एक जादा पांढरी विजार, एवढ्यावर लढत जिंकता वा हरता येते.

पंचांचे म्हणाल तर, कुमितेत मधोमध मुख्य पंच आणि चार कोपऱ्यांत चार पंच असतात. किमान दोघांनी एकाच खेळाडूसाठी झेंडा दाखवला तर गुण. टोकियोत कातासाठी सात पंच होते, आणि वरचे दोन व खालचे दोन गुण वगळून उरलेले धरत. म्हणजे एकाने मर्जीने जास्त दिले किंवा आकसाने कमी दिले, तरी फरक पडू नये. आंतरराष्ट्रीय लढतीत खेळाडूच्या देशाचा पंच त्या लढतीत बसत नाही. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, तर माणूस असतो म्हणून! आपल्याकडे पंच कमी पडतात, मग वर्ग चालवणारे सरच पंच आणि त्यांचीच विद्यार्थिनी मॅटवर. मी एकदा विचारले, “सर, ही तुमच्याच वर्गातली ना?” ते हसले आणि दुसऱ्या मॅटवर गेले. इतके सोपे होते. विचारणारे कोणी नव्हते, एवढेच.

यात मुलींचे काय जाते, तर पुष्कळ जाते. स्पर्धेचे प्रमाणपत्र म्हणजे दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीच्या ५ टक्के राखीव जागांची वाट. कोणती स्पर्धा आणि कोणते प्रमाणपत्र यासाठी धरतात, हे प्रवेश फी भरण्याआधी विचारा. कराटेच्या संघटना अनेक आहेत, नियमही वेगवेगळे. क्योकुशिनसारख्या पद्धतीत अंगावर पूर्ण जोराने मारतात, पण हाताने चेहऱ्यावर नाही. जुन्या पद्धतीत एका पूर्ण गुणावर लढत संपते. तेव्हा नियमपुस्तिका मागा. निकाल पटला नाही तर मॅटशेजारी भांडून उपयोग नाही, तिथे पंचांशी वाद घालताच येत नाही. लढत संपताच प्रशिक्षकाने किंवा संघाच्या प्रतिनिधीने लेखी हरकत द्यायची असते. कागद आणि पेन जवळ ठेवा.

एक गैरसमज मात्र नको. कराटे आले की मुलगी सुरक्षित झाली, असे मी म्हणत नाही. रस्त्यावर आणि घरात यामे म्हणणारा पंच नसतो, वजनगट नसतात, अंगावर येणारा वाकून अभिवादन करत नाही. शाळांतून मुलींना तीन महिन्यांचे स्वसंरक्षणाचे वर्ग देतात, ते जरूर द्यावेत. पण अत्याचार थांबवण्याची जबाबदारी मुलीच्या मुठीवर ढकलून समाजाला आणि सरकारला मोकळे होता येणार नाही.

मग मी आग्रह कशाचा धरते? पंच होण्याचा. वर्गातली पोरे ठोशाला ‘पंच’ म्हणतात. पंच मारायला आपण मुलींना शिकवले. पण पंच म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही पारावर बसलेले पुरुषच येतात. बाईने समोर उभे राहायचे आणि निवाडा त्यांनी करायचा. कराटेत पंच होण्यासाठी लेखी परीक्षा असते, चूक की बरोबर असे प्रश्न असतात, मग मॅटवर प्रत्यक्ष परीक्षा. पायरीपायरीने वर जाता येते. ज्या मुली अठरा-विसाव्या वर्षी खेळ सोडतात, त्यांच्यासाठी ही वाट आहे. लग्नानंतर, बाळंतपणानंतरही या खुर्चीवर परत येता येते. मी तशीच आले.

त्या बारा वर्षांच्या मुलीला मी लढतीनंतर शोधले. जिन्याखाली बसली होती. तिला म्हटले, तू मारलेस म्हणून हरली नाहीस, थांबवले नाहीस म्हणून हरलीस. तुझा हात चांगला आहे, तो तुझ्या ताब्यात ठेव. तिने विचारले, “हे आधी का नाही सांगितले?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. तुम्ही आपापल्या गावी जाल तेव्हा मुलींना हे आधी सांगा. आणि त्यांच्यातल्या दोघी-तिघींना विचारा, खुर्चीवर बसशील का?