दृष्टिवैषम्य : वेळीच ओळखावा असा दोष

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याचा गोलावा सर्व दिशांना सारखा नसला, की प्रकाशकिरण एका बिंदूत एकवटत नाहीत. कापडाचा उभा धागा स्पष्ट, तर आडवा पुसट दिसावा, असा हा प्रकार. यासच दृष्टिवैषम्य, व्यवहारात ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणतात.

इंग्लंडमधील गणितज्ञ जॉर्ज एअरी वाचताना डावा डोळा सहसा वापरतच नसत. उजवा काम निभावत असल्याने, मुद्दाम लक्ष देईपर्यंत त्यांना ते उमगले नाही. पुढे गणित मांडून त्यांनी दंडगोल भिंग घडवून घेतले व १८२५ साली केंब्रिजमध्ये त्यावर निबंध वाचला.

विद्वानाची ही स्थिती, तर बालक तक्रार कशी करील? त्याला जग तसेच भासते. उपचाराविना तो डोळा कायमचा मंद होऊ शकतो. म्हणून शाळाप्रवेशापूर्वीच पाल्याच्या प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र तपासणी करवून घ्यावी.