रामकुंडावरील वह्या आणि आपले दप्तर



 सायंकाळी आपण सारे रोखेदलाल गोदातीरी रामकुंडावर जालच. तेथे एखाद्या तीर्थोपाध्यायास आपले मूळ गाव व आडनाव सांगून पाहावे, म्हणजे तो बासनातली वही सोडून आपले पणजोबा येथे कोणासह व कशानिमित्त आले होते, हे त्यांच्या सहीनिशी दाखवील. ग्राहकाची ओळख पटवून तिची नोंद राखणे या नगरीस नवे नाही; फरक इतकाच, की त्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात आणि आपणांस कायदा पाच वर्षांवर मोकळे करतो.

तो कायदा म्हणजे मनी लाँडरिंग प्रतिबंधक अधिनियम; २००२ सालचा, अंमल १ जुलै २००५ पासूनचा. त्याखालील दहा लाखांवरील रोकडीच्या विवरणाचा रकाना आपल्याकडे बहुधा कोराच राहतो, कारण सेबीच्या हुकुमानुसार दलालाने ग्राहकाकडून रोकड घ्यावयाचीच नाही. खरा पेच संशयास्पद व्यवहाराचा. आणि त्यात झालेलाच नव्हे, तर नुसता करू पाहिलेला व्यवहारही येतो.

आमच्या जिल्ह्यात हा पेच एका रकान्यात साठला आहे: ‘उत्पन्नाचे साधन – शेती’. लासलगावच्या लिलावातून आलेला कांदेवाला हमाली-तोलाई वजा झालेली, घडीवर विरलेली हिशेबपट्टी खिशातून काढतो, आणि तिच्यावरील रक्कम पाहून कोणासही संशय न येता कणवच येते. पण ज्याच्या सातबाऱ्यावर पाऊण एकर जिराईत आहे, अशा इसमाच्या खात्यातून महिन्याला कोट्यवधींची उलाढाल होऊ लागली, म्हणजे करमुक्त शेतीचे नाव पुढे करून कोणाचा पैसा फिरतो आहे, हा प्रश्न पेढीच्या प्रधान अधिकाऱ्याने स्वतःस विचारलाच पाहिजे. आणि उत्तर मिळत नसेल तर विलंब न लावता दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे खबर रुजू केली पाहिजे. ही चहाडी नव्हे; सद्भावाने दिलेल्या खबरेस कायद्याचे संरक्षण आहे. मात्र केवळ स्वतःचा बचाव व्हावा म्हणून खबरांचे गठ्ठे पाठविणाऱ्या पेढ्यांविषयी मला फारसा आदर नाही.

याहून कठीण असते ते मौन. ज्याची खबर दिली तो लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसून जिलबीचा आग्रह करतो, आणि त्यास अवाक्षरानेही कळता कामा नये!

प्रत्येक आसनावर एक लखोटा आहे. त्यात चार काल्पनिक खातेउतारे असून एकाचीच खबर देणे भाग आहे. तो कोणता, हे शेजाऱ्यास न सांगता लिहून ठेवावे.