ग्लॉक-नाइन यांचे रॅप ऐकताना

फिलिपिन्समधील रॅप-संगीताचा विचार करताना ‘ग्लॉक-नाइन’ हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटल पॉलिस्को हे त्यांचे मूळ नाव असून, त्यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९७७ रोजी मनिलाच्या पूर्वेकडील रिझाल प्रांतात, लागुना सरोवराच्या काठी वसलेल्या बिनांगोनान येथे झाला. कलावंत म्हणून धारण केलेले नाव पिस्तुलावरून घेतलेले, आणि १९९०च्या दशकात ते ज्या चमूत गात होते त्याचे ‘डेथ थ्रेट’ हे नावही तितकेच दरडावणारे. मात्र या दोन नावांवरून त्यांच्या पुढील कामगिरीविषयी जी अपेक्षा बांधली जाईल, ती बहुतांशी फोल ठरेल. २००३ मध्ये ‘जी-नाइन’ या संग्रहापासून स्वतंत्रपणे गाऊ लागल्यावर गरिबी, स्थलांतर, लिंगभावावरून होणारा छळ आणि सत्ताधाऱ्यांची बेफिकिरी हे विषय त्यांनी टगालोग भाषेतील लोकप्रिय गाण्यांत आणले. अर्थात विषयांच्या यादीवरून कलावंताची थोरवी ठरत नाही; गाण्यात बोलते ते पात्र कोण आहे, त्याला श्वास घ्यायला किती उसंत मिळते आणि त्याचे बोलणे थांबवून मध्ये कोणता आवाज येतो, याकडे कान दिल्यावरच या रॅपची खरी घडण लक्षात येते.

रॅप म्हणजे ठेक्यावर लयीत आणि यमकांत केलेले बोलणे. त्यात सूर गौण असतो. शब्दांचे आघात ठेक्याच्या कोणत्या मात्रेवर पडतात, ओळ मात्रेच्या किंचित आधी सुरू होते की मागे रेंगाळते, यावर त्याची गोडी अवलंबून असते, आणि या चालण्याच्या ढंगाला रॅपर ‘फ्लो’ म्हणतात. हा प्रकार फिलिपिन्समध्ये अमेरिकेतून आला. चित्रपट-कलावंतांच्या घरात वाढलेल्या फ्रान्सिस मागालोना यांचा ‘यो!’ हा संग्रह १९९० मध्ये निघाला आणि त्यातील ‘मंगा काबाबायान’, म्हणजे ‘देशबांधवहो’, या गाण्याने रॅपला राष्ट्रीय स्वाभिमानाची भाषा दिली. १९८६च्या जनआंदोलनाने राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची राजवट संपवून चारच वर्षे झाली होती, त्यामुळे अशी सामुदायिक हाक ऐकायला लोक उत्सुक होते. ६ मार्च २००९ रोजी रक्ताच्या कर्करोगाने निधन पावलेले मागालोना हे ग्लॉक-नाइन यांचे मार्गदर्शक. ‘पारोक्या नी एडगर’ या वाद्यवृंदाच्या २००५च्या ‘बागसाकान’ या गाण्यात हे दोघे एकत्र ऐकायला मिळतात. गुरूने सगळ्या देशबांधवांना एकदम साद घातली. शिष्याने त्या गर्दीतून एकेक माणूस बाजूला घेतला आणि त्याची हकीकत सांगितली.

रॅप परदेशी असले, तरी टगालोग श्रोत्याचा कान त्यासाठी आधीच तयार होता. फ्रान्सिस्को बालाग्तास यांचे १८३८ मधील ‘फ्लोरांते आत लाउरा’ हे दीर्घकाव्य बारा अक्षरांच्या ओळींत रचलेले असून प्रत्येक ओळीत सहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे क्षणभराचा विराम, येतो आणि प्रत्येक कडव्याच्या चारही ओळींना एकच यमक असते. त्यांच्याच नावावरून १९२४ मध्ये मनिलात ‘बालाग्तासान’ हा प्रकार सुरू झाला. दोन कवी एखाद्या विषयाच्या दोन बाजू घेऊन पद्यातच वाद घालतात, हे महाराष्ट्रातील कलगी-तुऱ्याशी परिचय असलेल्या श्रोत्याला लगेच उमजेल. टगालोग यमकाचे नियमही मोठे काटेकोर आहेत: स्वरान्त शब्द उच्चारताना शेवटी कंठ झटकन बंद होत असेल, तर परंपरेनुसार त्याचे यमक कंठ मोकळा राहणाऱ्या शब्दाशी जुळत नाही. रॅपर हे सगळे नियम पाळतातच असे नाही, परंतु शेवटच्या अक्षराकडे टवकारलेला कान त्यांना वारशाने मिळतो. ग्लॉक-नाइन यांच्या २०१२च्या संग्रहाच्या नावाचा अर्थ ‘कवीच्या कथा’ असा होतो, यात परंपरेशी जोडलेले नाते उघडच दिसते.

ग्लॉक-नाइन यांची ख्याती प्रथम झाली ती वेगामुळे. एका श्वासात लांबलचक वाक्य पूर्ण करूनही अक्षरे स्पष्ट ठेवणे हे कसरतीचे काम आहे, आणि प्रारंभीच्या काही गाण्यांत ते कसरत म्हणूनच उरते, हेही मान्य केले पाहिजे. पुढे हा वेग कथेच्या कामी आला. ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याला बोलण्याची संधी मिळाली की तो घाईघाईने, मध्ये कोणी तोडेल या भीतीने बोलतो. त्यांच्या निवेदकांची गती तशी आहे. ध्रुवपद मात्र ते बहुधा स्वतः गात नाहीत. ते रॉक-संगीतातील एखाद्या गायकाकडे वा गायिकेकडे सोपवलेले असते, आणि त्या संथ, सुरेल आवाजामुळे श्रोत्याला ऐकलेल्या गोष्टीवर विचार करायला अवकाश मिळतो.

‘मात्रिकुला’ (शिक्षणशुल्क) या २००९च्या संग्रहातील ‘उपुआन’, म्हणजे ‘खुर्ची’, हे गाणे या रचनेचा उत्तम नमुना आहे. दाटीवाटीच्या वस्तीत राहणारा एक गरीब माणूस उच्चपदस्थाच्या प्रशस्त घराचे वर्णन करतो आणि नंतर आपल्या खोपट्याचे. जेझेल ग्रुतास यांनी गायलेल्या ध्रुवपदात खुर्चीवरील महाशयांना उठून जरा आजूबाजूला पाहण्याची विनंती आहे, आणि ती अत्यंत आदरार्थी भाषेत आहे. शिवीपेक्षा ही नम्रता अधिक बोचते. एक आक्षेप मात्र घेता येतो: खुर्चीवर कोण बसले आहे हे गाणे सांगत नाही, त्यामुळे प्रत्येक पुढारी ते आपल्या प्रतिस्पर्ध्याविषयी आहे असे समजून निर्धास्तपणे ऐकू शकतो.

‘तालुमपाती’ (भाषण) या २०११च्या संग्रहातील ‘वालांग नातिरा’, म्हणजे ‘कोणी उरले नाही’, यात वेगळी युक्ती आहे. शिक्षक, परिचारिका, अभियंते अशी व्यवसायांची यादी येत राहते आणि इतके सगळे असूनही देशात कोणीच का उरले नाही, असा प्रश्न शेंग बेलमोंते यांच्या आवाजात फिरून फिरून विचारला जातो. १९७४च्या कामगार संहितेपासून फिलिपिन्सने परदेशी नोकऱ्यांसाठी माणसे पाठवण्याची सरकारी यंत्रणा उभारली, आणि गाणे निघाले त्या सुमारास परदेशातून येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. परदेशी जाण्याचा हमखास मार्ग मानल्या जाणाऱ्या परिचर्येचे शिक्षण स्वतः ग्लॉक-नाइन यांनीही घेतलेले आहे. तेव्हा ही यादी त्यांनी दुरून केलेली नाही.

या सर्वांत श्रेष्ठ गाणे कोणते, यावर मतभेद होऊ शकतात, पण ‘सिरेना’ (जलपरी, २०१२) हेच पहिले ठरावे. मर्दानी फुशारकी हा ज्या प्रकाराचा जुना दोष, त्यातच ग्लॉक-नाइन यांनी समलिंगी मुलाच्या तोंडून प्रथमपुरुषी निवेदन केले. मुलगा ‘सुधारावा’ म्हणून बाप त्याचे डोके पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवतो. श्वास रोखून धरण्याची सवय झालेला मुलगा त्या पिंपातच स्वतःला जलपरी मानू लागतो, आणि एबे दान्सेल यांचे ध्रुवपद ही प्रतिमा अभिमानाने मिरवते. येथे आशय आणि तंत्र एकमेकांत मिसळले आहेत: ज्याला श्वास कोंडून जगावे लागले, त्याची कथा दीर्घ श्वासाच्या रॅपमध्ये सांगितली जाते. पुढे इतर भावंडे आपापल्या संसारात रमतात आणि खंगलेल्या बापाची सेवा हाच मुलगा करतो. शेवटी बाप क्षमा मागतो. हा शेवट काहीसा चित्रपटी वाटेल. तरीही पश्चात्तापाचे ते बोलणे मुलाच्याच निवेदनातून ऐकू येते, बापाला वेगळा आवाज दिलेला नाही, आणि या संयमामुळे गाणे तोल सांभाळते.

२०१३ मध्ये रिको ब्लांको यांच्यासह आलेल्या ‘माग्दा’ या गाण्यात देहविक्रयात ओढल्या गेलेल्या स्त्रीची कथा आहे. तिथेही उपदेश नाही, हकीकत आहे. परंतु स्त्री स्वतः फारशी बोलत नाही, तिच्याविषयी बोलले जाते, म्हणून ते ‘सिरेना’च्या तोडीचे उतरत नाही.

टगालोग न जाणणाऱ्या श्रोत्यांनी ‘सिरेना’ प्रथम अर्थाशिवाय, केवळ श्वास आणि विराम मोजत ऐकावे. नंतर कथा समजून घेऊन दुसऱ्यांदा ऐकावे. आणि त्यानंतर ‘वालांग नातिरा’कडे वळावे. ‘उपुआन’ सर्वांत लोकप्रिय गाण्यांपैकी एक असले, तरी ते शेवटी ठेवलेले बरे.