डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे बोलणे आणि घरची भाषा



‘पाणी आण’ म्हटले की तांब्या घेऊन येते, परंतु स्वतः ‘पाणी’ म्हणत नाही, असे मूल पाहिले की ‘याला काही कळत नाही’ असा निर्वाळा शेजारीपाजारी देऊन मोकळे होतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांबाबत तो बहुधा खोटा ठरतो. या मुलांना जेवढे समजते, तेवढे बोलून दाखविता येत नाही.

डॉ. जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये इंग्लंडात या अवस्थेचे वर्णन केले. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्याने ती उद्भवते, हे १९५९ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध झाले. ग्रहण वा पूर्वकर्म यांचा येथे काडीचाही संबंध नाही. जिभेचे व ओठांचे स्नायू शिथिल असतात. ऐकलेले शब्द क्रमाने ध्यानात राहणे जड जाते. शिवाय पुष्कळांच्या मध्यकर्णात द्रव साचून ऐकू कमी येते. या कारणाकडे फार दुर्लक्ष होते. कान एकदा तपासून भागत नाही, ते वरचेवर तपासावे लागतात.

ही मुले डोळ्यांनी चांगली शिकतात. म्हणून ‘दे’, ‘नको’, ‘आणखी’ हे शब्द उच्चारताना हाताची खूणही करावी. खुणांमुळे बोलणे खुंटते ही भीती निराधार आहे. शब्द जमू लागला की बहुधा खूण मागे पडते. शिक्षकांनीही ‘आधी बोलू दे, मग वाचू दे’ असा हट्ट धरू नये. अनेक मुले लिहिलेला शब्द आधी ओळखतात आणि त्याच्या आधाराने बोलतात.

बेळगाव, बडोदे अशा ठिकाणच्या मराठी घरांपुढे आणखी एक पेच असतो. शाळेची भाषा वेगळी, तेव्हा घरी मराठी बंद करा, असा सल्ला सद्हेतूने दिला जातो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, दोन भाषांत वाढणारी अशी मुले इंग्रजीत एकभाषिक मुलांच्या मागे आढळली नाहीत. मग आजीचे बोलणे मुलापासून का तोडावे?

मूल मोठे होऊन बाजारात, कचेरीत जाऊ लागले की प्रश्न सोबतच्या माणसाला विचारण्याची प्रथा आहे. लिपिकाने तो त्यालाच विचारावा, एका वेळी एकच विचारावा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजून उत्तराची वाट पाहावी.