पावती मागा, फसलात तर बोला



शेती हा धंदा आहे, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. धंदा आला की चोरही आला. दहा एकर कापूस पेरणारा कास्तकार मृगापासून चुकाऱ्यापर्यंत लाखांची उलाढाल करतो. एवढी उलाढाल करणारा दुकानदार वही ठेवतो, गल्ल्याला कुलूप लावतो, नोकराला नियम घालून देतो. आपला सगळा कारभार मात्र तोंडी. ठगाला याहून सोपे गिऱ्हाईक कुठे मिळणार?

आधी बियाणे घ्या. कृषी केंद्रात ऐन पेरणीला गर्दी असते. "हा वाण संपत आला, लवकर सांगा," असे ऐकले की आपण पाकीट उचलतो आणि कच्च्या चिठ्ठीवर घरी येतो. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे पक्के बिल देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. बिलावर वाण, लॉट क्रमांक, किंमत, तारीख आणि विक्रेत्याची सही पाहा. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०१५ च्या आदेशानुसार केंद्र सरकार ठरवते. त्याहून जास्त पैसे मागून बिल नाकारणारा दुकानदार दोनदा लुटतो. आज खिसा कापतो आणि उद्या दाद मागायची वाटही बंद करतो.

रिकामे पाकीट, लेबल आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले, की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे. त्याने नमुना राखून ठेवला नाही एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येत नाही. निकाल आपल्या बाजूचा आहे, पण नमुना हाती असेल तर भांडण लवकर मिटते. बी उगवले नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि पंचनामा मागा. कोरडवाहूत ओल थांबत नाही, दुबार पेरणी करावीच लागते, हे मी जाणतो. मग निदान फोटो काढा आणि चार ओळी न मोडता ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

चोरबीटीबद्दल एकच सांगतो. नवे तंत्रज्ञान मिळण्याचा शेतकऱ्याचा हक्क हा एक प्रश्न. रात्री घरी आणून दिलेल्या बिनबिलाच्या पाकिटात नेमके काय आहे, हा दुसरा. पहिल्यासाठी भांडू. दुसऱ्यात फसलात, तर कोणत्या कागदावर तक्रार लिहिणार?

आता विक्री. खेडा खरेदीवाला दारात गाडी उभी करतो. भाव बाजारापेक्षा शंभर रुपये जास्त. पहिल्या खेपेला रोख, दुसऱ्या खेपेला अर्धे रोख, तिसऱ्या खेपेला "सोमवारी देतो". सोमवार येतो, फोन बंद असतो. यावर उपाय एकच: पैसे हातात किंवा खात्यात पडल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का पाहा आणि आधीच वजन केलेले एक गाठोडे त्यावर ठेवून बघा. क्विंटलमागे दोन किलो मारले, तर तीस क्विंटलांत साठ किलो कापूस फुकट गेला. व्यापाऱ्याला सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स देऊ नका. त्यावर तो आपला कापूस तुमच्या नावाने सीसीआयला हमीभावात घालतो. तुम्ही स्वतःची गाडी घेऊन जाल, तेव्हा नोंद आधीच भरलेली असेल. कोऱ्या कागदावर सही तर कोणालाच नको.

तिसरा चोर मोबाईलमधून येतो. पीएम किसान योजना २०१९ साली सुरू झाली आणि तिच्या नावाने ठगांचाही धंदा सुरू झाला. व्हॉट्सॲपवर "हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा" असा निरोप येतो. फाईल उघडली की फोनवरचे संदेश ठगाला दिसू लागतात; ओटीपी त्याच्या हाती, खाते रिकामे. ओटीपी फोनवरून कोणालाही सांगायचा नाही, तो स्वतःला बँकेचा साहेब म्हणवत असला तरी. केंद्रावर अंगठा लावून पैसे काढताना "उमटला नाही, परत लावा" असे म्हटले, तर आधी पावती मागा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकटे पाठवू नका.

शेवटी घरातल्या माणसांबद्दल बोलतो. आपल्या धंद्याचे कर्मचारी कोण? घरधनीण, पोरगा आणि सालगडी. सालगड्याला खत आणायला पाठवता, तर काय आणि किती आणायचे ते चिठ्ठीवर लिहून द्या आणि बिल आणायला सांगा. बोगस माल निघाला, की पहिला आळ त्याच गरिबावर येतो. बिल त्यालाही वाचवते.

आणि फसलेल्या माणसावर ओरडू नका. पोराच्या हातून खात्यातले पैसे गेले, तर बापाच्या धाकाने तो दोन दिवस गप्प बसतो. तेच दोन दिवस ठगाला हवे असतात. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात. चारचौघांत हसू होईल म्हणून आपण व्यापाऱ्याचे नाव घेत नाही आणि तोच व्यापारी पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावी गाडी उभी करतो. आपली लाज ही त्याची कमाई आहे.

म्हणून परत गेल्यावर दोन कामे करा. घरात पावत्यांची एक पिशवी खुंटीला टांगा. गावात एक वही ठेवा. कोणता लॉट उगवला नाही, कोणाचा चुकारा किती दिवस अडकला, ते तारखेनिशी लिहा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही सोबत आणा. एकट्याची तक्रार कचेरीत पडून राहते. वीस गावांच्या वह्या एकाच दुकानाकडे बोट दाखवू लागल्या, की साहेबाला खुर्चीतून उठावेच लागते.