प्रवेशाची रांग आणि आपली मुले
(कोंडाणे येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



महाविद्यालयीन प्रवेशाचा विषय निघाला की आपल्या मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, गुण पाहावेत. दुसरा म्हणतो, हक्क सोडू नये. आम्हांस वाटते की या वादात मुख्य प्रश्न बाजूस राहतो. आपल्या आगरी समाजाला इतर मागासवर्गातून मिळणारी जागा आपल्यातील कोणाच्या पदरी पडते?

मद्रास प्रांतातील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांचे जातवार जागावाटप सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली रद्द केले, तेव्हा त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम 15(4) आले. आपल्या मुलांच्या जागा त्याच कलमावर उभ्या आहेत. त्याही आधी, 26 जुलै 1902 रोजी, छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. परंतु मुलांच्या वसतिगृहाची सोय महाराजांनी 1901 सालीच सुरू केली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी हार्वर्ड व उत्तर कॅरोलायना विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना हार्वर्डमध्ये मिळणारे झुकते माप मात्र त्या निकालाने गेले नाही. आपल्याकडेही खाजगी महाविद्यालयांत व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागा भारी शुल्क भरून घेतल्या जातात. तेथे गुणवत्तेचे कैवारी सहसा गप्प असतात!

आता घरातले बोलू. 1992 च्या मंडल निकालाने उन्नत गटास वगळावयास सांगितले. उत्पन्नाची मर्यादा 2017 पासून आठ लाख रुपये आहे. पण 1993 च्या नियमांप्रमाणे शासकीय नोकराचा पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या मोजणीत धरीत नाहीत. तेव्हा पनवेलला स्थिरावलेल्या, पदाने वरिष्ठ नसलेल्या दोन नोकरदारांचा मुलगा उत्तम शिकवणी लावून रांगेत उभा राहतो. त्याच रांगेत राजमाचीच्या पायथ्याची मुलगी असते. ती कर्जतपर्यंत येते, मग लोकल धरते, आणि घरी परतते तेव्हा दिवे लागलेले असतात. दोघांचा दाखला एकच. त्या मुलाने काही गैर केले असे आम्ही म्हणत नाही. कायदा त्याच्या बाजूने आहे. पण दोघांच्या दहा गुणांचे मोल एक नव्हे, एवढे तरी मान्य करावे. आणि पावसाळा सरताच आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी शेजारच्या वाडीवरची कातकरी मुले तर या रांगेपर्यंत पोचतच नाहीत.

आपल्या मंडळाची पारितोषिके आजवर केवळ गुणानुक्रमे दिली जातात. म्हणून आम्ही सुचवितो की शिक्षणनिधीचा अर्धा भाग, ज्या घरात आजवर कोणी बारावीपुढे गेले नाही अशा घरातील मुलामुलींच्या राहण्या-जेवणासाठी ठेवावा. आणि ज्यांस शक्य आहे त्यांनी आपल्या पाल्याचे पारितोषिक स्वेच्छेने या भागात वळवावे. ठराव सभेपुढे आहे. ज्यांस तो पटत नसेल त्यांनी कृपा करून येथेच बोलावे, एस.टी.च्या थांब्यावर नव्हे.